साखरचौथीचा गणपती आणि वहिनीचे तीस दिवस

अबोली (धागाकर्ती)
माहेर पेणजवळ. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. यंदा पिठोरीच्या दोन दिवस आधी वहिनी बाळंत झाली. मुलगी. दोघीही ठणठणीत. सोयर लागलं, म्हणजे चतुर्थीला गणपती नाही. मूर्ती मात्र कारखान्यात सांगून ठेवलेली, रंगवून तयार. दादाने बिचकत फोन केला तर कारखानदार म्हणाला, "राहू दे की फळीवर. साखरचौथीला न्या. तुमच्यासारखे आणखी आहेत."

बाहेरच्यांसाठी सांगते. रायगडात ज्यांचा गणपती सोयरसुतकामुळे राहतो, ते अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला बसवतात. पितृपक्ष असला तरी चालतं.

अकराव्या दिवशी घर मोकळं झालं. गोमूत्र शिंपडलं, जानवी बदलली, अंथरुणं-पांघरुणं धुतली, बाराव्याला बारसं झालं. आता गुरुजी म्हणतात, घर मोकळं झालं तरी बाळंतीण नाही. मुलगा झाला तर वीस दिवस, मुलगी झाली तर तीस. साखरचौथ येते बाविसाव्या दिवशी. म्हणजे मुलगा असता तर वहिनी आरतीला उभी राहिली असती. मुलगी झाली म्हणून तिने माजघरात बसायचं.

दादा गुरुजींसमोर गप्प. वहिनी म्हणाली, "मला काय, मी झोपेन." चिडून म्हणाली की खरंच, ते फोनवर कळलं नाही.

हे वीस-तीस कुठे लिहिलंय का? आणि तुमच्याकडे काय करतात? 'अंधश्रद्धा आहे, सोडून द्या' हे मलाही माहीत आहे. ते नव्वदीच्या आजीला सांगून दाखवा, मग इथे येऊन लिहा.

पोथीपुराण
लिहिलंय. धर्मसिंधूत आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा १७९० चा ग्रंथ, आपल्याकडचे गुरुजी अडलं की आजही तोच उघडतात. पण तुमच्या गुरुजींनी अर्धंच सांगितलं. बाळंतिणीला शिवायचं नाही ते पहिले दहा दिवस. तिथे शिवाशिव संपली. त्यापुढचे, विसाव्या किंवा तिसाव्यापर्यंतचे दिवस आहेत ते कर्माचा अधिकार नसण्याचे. तिने स्वतः पूजा करायची नाही, देवकार्याचा स्वयंपाक करायचा नाही, एवढंच. मागे उभं राहून टाळ्या वाजवायला कोणी अडवलंय? माजघर ही घरच्यांनी घातलेली भर.

आणखी गंमत सांगतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात बाप नुसत्या स्नानाने शुद्ध होतो. दुसऱ्या अध्यायात जातकर्म नाळ कापायच्या आधी करायला सांगितलंय. मागाहून त्याची संगती अशी लावली की नाळ कापेपर्यंत सोयर लागतच नाही. बापाला पोराचं तोंड बघायचं असतं, मध-तूप चाटवायचं असतं, दान द्यायचं असतं, म्हणून तेवढी फट ठेवलेली. नियम कुठे वाकवायचा हे शास्त्रकारांना नेमकं ठाऊक होतं.

तिरकस_बाण
मुलीला दहा दिवस जादा. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू.

वसईचा_वारा
हे फक्त तुमच्याकडे नाही. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, मुलगा झाला तर आई सात दिवस अशुद्ध आणि पुढे तेहतीस दिवस मंदिरात यायचं नाही. मुलगी झाली तर चौदा आणि सहासष्ट. चाळीस विरुद्ध ऐंशी, सरळ दुप्पट. दिवस भरल्यावर कोकरू अर्पण करायचं, ऐपत नसेल तर दोन पारवे.

मरियमेनेही हे केलं. नाताळपासून चाळिसावा दिवस म्हणजे २ फेब्रुवारी. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. लहानपणी मला तो फक्त मेणबत्त्यांचा सण वाटायचा. बाळंतिणीच्या शुद्धीचा दिवस तो हा, हे कळलं तेव्हा मी दोन मुलांची आई होते.

दालदी_पोर
आम्ही रत्नागिरीचे मुसलमान. आमच्यात निफास, म्हणजे बाळंतपणानंतर रक्त जाण्याचे दिवस, साधारण चाळीस. रक्त आधी थांबलं तर अंघोळ करून बाई मोकळी. मुलगा-मुलगी फरक नाही. तेवढ्या दिवसांची नमाज माफ, ती भरूनही काढायची नसते. रोजे मात्र नंतर धरायचे. शिवायचं नाही, ताट वेगळं, असलं काही नाही. पण चाळिसावं झाल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही हे माझी आजी पाळायला लावायची, आणि ते कुठल्या किताबात आहे विचारलं की म्हणायची, "माझ्या आईच्या."

सरळमार्गी
प्रत्येक गोष्टीत स्त्रीवर अन्याय शोधायची हल्ली फॅशन आहे. आपल्या पूर्वजांनी हे आरोग्याचा विचार करून केलं होतं. बाळंतिणीला जंतुसंसर्ग होऊ नये, तिला विश्रांती मिळावी. पाळीचे चार दिवसही तसेच. नुसतं 'विश्रांती घे' म्हटलं असतं तर सासूने ऐकलं असतं का? धर्माचं नाव दिलं म्हणून पाळलं गेलं.

खडीसाखर
सरळमार्गी, माझं वय चौऱ्याहत्तर. पूर्वजांचं मला माहीत नाही, माझ्या आईचं सांगते. वाईजवळचं गाव, पन्नासच्या दशकाची अखेर.

आई बाजूला बसली की न्हाणीघराला लागून एक अंधारी खोली होती तिथे. तिचं जर्मनचं ताट आणि तांब्या दाराबाहेर खुंटीखाली. जेवण वरून वाढायचं, पाणी वरून ओतायचं. पांघरायला एक काळं कांबळं, कारण लोकरीला विटाळ नाही. आम्हा पोरांना तिच्याजवळ जायचं असेल तर कपडे काढून जायचं. उघड्या पोराला विटाळ लागत नाही, कपड्याला लागतो. मी आणि भाऊ फ्रॉक-चड्डी उंबऱ्यावर टाकून आत पळायचो. सहा वर्षांची झाले तेव्हा मला लाज वाटायला लागली. एकदा उंबऱ्याशी फ्रॉकची गुंडी हातात धरून उभी राहिले. आई आतून बघत होती. "नको येऊ, मोठी झालीस," म्हणाली. त्यानंतर त्या तीन दिवसांत मी आत गेले नाही.

विश्रांती म्हणाल तर ती स्वयंपाकघरापासून. शेण, गोठा, मागच्या अंगणातलं सारवण, जळण फोडणं, गोधड्या धुणं, यातलं काहीही विटाळाने अडत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे डोक्यावरून पाणी, माघातसुद्धा. मग लगेच चुलीपाशी.

बाळंतिणीची खोली वेगळी. खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी, ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी. आत गेलं की डोळे चुरचुरायचे. उशाखाली विळा. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाणार म्हणून. सुईण दोन वेळा यायची, अंग रगडायला आणि बाळाला न्हाऊ घालायला. एरवी तिला आमच्या ओटीवरही चढू देत नसत. त्या दहा दिवसांत ती थेट आतल्या खोलीत. का, तर ती खोली आधीच बाटलेली. बाराव्या दिवशी लुगडं, नारळ आणि पायलीभर तांदूळ दिले की पुन्हा अंगणातून हाक मारायची. माझी नाळ तिनेच कापली होती. तिच्या घरी मी पाणी प्यायले ते माझ्या लग्नानंतर.

अनुस्वार
खडीसाखर, हे वेगळा धागा काढून लिहा ना. कृपया.

सरळमार्गी
आदर आहे काकू. पण जंतुसंसर्गाचा मुद्दा राहिलाच.

निशिगंध
तो मी घेते. पंचवीस वर्षं बाळंतपणं करते आहे.

संसर्ग टाळायचा असता तर खोलीत हवा खेळवली असती. खिडकी बुजवून धूर केला नसता. बाळंतिणीला जुनेरं दिलं नसतं. नाळ विळ्याने कापून तिला राख किंवा शेण लावलं नसतं. नवजात बाळं धनुर्वाताने जायची ती यामुळेच. आठव्या दिवसाच्या आसपास बाळाचा जबडा आवळायचा, दूध ओढता यायचं नाही, आणि लोक सटवाईचा फेरा म्हणायचे. गर्भारपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून त्याचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं ते २०१५ मध्ये.

आणि संसर्ग जातो कुठून कुठे, हेही बघा. व्हिएन्नात १८४७ साली झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने उतरले. घाण बाहेरून तिच्याकडे जात होती. आपला नियम बरोबर उलटा, तिच्यापासून इतरांना जपणारा. तिला शिवून आलेला अंघोळ करतो. तिला शिवायला जाणारा हातसुद्धा धूत नव्हता.

चीक पिळून टाकायची चालही यातलीच. 'पहिलं दूध वाईट' म्हणून बाळाला दोन-तीन दिवस मधाचं बोट आणि गुळाचं पाणी. त्या पिवळ्या चिकात बाळाला संसर्गापासून वाचवणारं सगळं असतं. माझ्याकडे अजून आज्या विचारतात, हळूच, कोपऱ्यात घेऊन.

विश्रांतीशी, सकस खाण्याशी, डिंकाच्या-अळिवाच्या लाडवांशी माझं भांडण नाही. सहा आठवडे गर्भाशय पूर्ववत व्हायला लागतातच. सव्वा महिना हा आकडा अनुभवातून आलेला असेलही. मुलगा झाला तर गर्भाशय लवकर पूर्ववत होतो असं मात्र मला कधी दिसलं नाही.

तिरकस_बाण
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. मागे उभं राहून. पोथीपुराण यांच्या परवानगीने.

सुपारी
डॉक्टर, थोडं अवांतर. गौरी आल्या की आमच्या सोसायटीत अर्ध्या बायका पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. सासूबाई स्वतः आणून ठेवतात, हळदीकुंकवाच्या सामानाबरोबर. मी तीन वर्षं घेतल्या. सुरक्षित आहेत का?

निशिगंध
नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, तपासून घेतल्या तर बहुतेकींना चालतात. पण ज्यांना रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, यकृताचा त्रास आहे, त्यांनी घ्यायच्या नाहीत. दुकानातून परस्पर आणणाऱ्याला हे कोण विचारतं? गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या बाह्यरुग्ण विभागात निम्म्या जणी याच चिठ्ठीसाठी. गेल्या वर्षी एकीला रक्तस्राव होतच राहिला, हिमोग्लोबिन सातवर आलं. ती म्हणाली, "पण गौरी छान झाल्या."

कोयता_टोळी
मी बीडकडचा. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. आमच्याकडं विटाळ पाळायचा म्हणलं तर उसाच्या फडात पाळायचा कुठं? पाण्याचा पत्ता नाही, आडोसा नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, उचल दोघांची मिळून घेतलेली. बाईनं एक दिवस काम बुडवलं की खाडा धरतात, त्याचे पैसे उलट कापतात. पाळीत पोट दुखलं तरी मोळी उचलायची. म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या चुलतीची तिशीच्या आत काढली. आता ती म्हणते, देवळात जायला कधीही मोकळी झाले. हसत म्हणते.

अबोली
हे वाचून दोन दिवस काही लिहायला सुचलं नाही.

भामरागडचा_मास्तर
मी माडिया आदिवासींच्या गावात सात वर्षं शाळेवर होतो. गावाच्या कडेला कुर्माघर असतं. पाळीत बाई तिथे राहते, घरचं कुणी जेवण आणून दुरून ठेवतं. झोपडी कुणा एकाची नसते, म्हणून डागडुजी कुणीच करत नाही. पावसाळ्यात गळते, साप निघतात. एका पोरीने वर्गात मला विचारलं, "गुरुजी, चार दिवसांची गैरहजेरी लावू नका, मी तिथूनच येते शाळेत." शाळेत यायला तिला बंदी नव्हती, घरात जायला होती.

नेपाळात याचंच नाव छाउपडी. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली, २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरवला, तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड. तिथल्या अशा झोपड्या पाडल्या, तर काही ठिकाणी बायका उघड्यावर झोपल्या. म्हणून मी आमच्याकडे 'आधी पाडा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. आणि खरं सांगायचं तर काही तरण्या पोरी कुर्माघरात खूश असायच्या. सासू नाही, पाणी भरणं नाही, मैत्रिणी भेटतात. खोटं कशाला लिहू.

वारीची_वाट
इथे कुणी सोयराबाईंचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. चोखोबांची बायको, चौदावं शतक. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' असं सुरू करून ती पुढे विचारते, विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह जगात आहे का? ज्या बाईला दोन्हीकडून विटाळ चिकटवला, जातीचाही आणि बाईपणाचाही, तिचा हा प्रश्न आहे. त्याच्याही आधीच्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितल्याचं महानुभाव सांगतात: शरीराला नऊ दारं, प्रत्येकातून काही ना काही स्रवतं, त्यातलंच हे एक.

पण मला अभंगापेक्षा ती कथा जवळची वाटते. सोयराबाईचे दिवस भरलेले, चोखोबा घरी नाहीत, जवळ कुणी बाईमाणूस नाही. तर विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचं रूप घेऊन आला आणि त्याने तिचं बाळंतपण केलं. कल्पना करा, देव कमरेला पदर खोचून शेगडी पेटवतोय, बाळाला न्हाऊ घालतोय. आपण देवाला दहा दिवस सोयरापासून लांब ठेवतो!

सरळमार्गी
कथा सुंदर आहे. पण कथेवरून धर्मशास्त्र ठरत नाही.

पोथीपुराण
मग ऋषिपंचमीच्या कथेवरून कसं ठरतं? रजस्वला असताना भांडीकुंडी शिवली म्हणून ब्राह्मणाची बायको कुत्री होते आणि तिच्या दोषाने नवरा बैल. त्यावर अख्खं व्रत उभं आहे. भाजी मात्र उत्तम असते, ते कबूल.

खडीसाखर
एक शब्द डोक्यात घोळतोय. आमच्या लहानपणी केशवपन केलेल्या विधवेला 'सोवळी' म्हणायचे. देवाचा स्वयंपाक तिच्या हातचा. घरातली सगळ्यात शुद्ध बाई म्हणजे जिचं कुंकू, केस सगळं गेलेलं. आणि शुभकार्यात समोर आली की तीच अपशकुनी. आमच्या मोठ्या काकू पुरणावरणाचा सगळा घाट घालायच्या आणि पंगत बसली की मागच्या खोलीत जायच्या, स्वतःहून.

अनुस्वार
अबोली, साखरचौथ होऊन गेली की. काय झालं शेवटी?

अबोली
सांगते. आधी आजीबद्दल.

पोथीपुराण यांचा प्रतिसाद मी दादाला पाठवला, त्याने तो आजीला मोठ्याने वाचून दाखवला. दहा दिवसांनी शिवायला हरकत नाही, आरतीला मागे उभी राहू शकते वगैरे. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोथी लिहिणारा बाळंत झाला होता का?" आम्हाला वाटलं, आली आपल्या बाजूला. तर पुढे म्हणते, "अकराव्याला शिवली की बाराव्याला पाणी भरायला लावतात. मला लावलं होतं. तुझ्या बापाच्या वेळी. म्हणून या घरात मी सव्वा महिना केला." म्हणजे माजघर ही घरच्यांनी घातलेली भर, हे बरोबर. घालणारी आजी. आणि कारण हे. तिला मुलगा-मुलगी वीस-तीसशी काही घेणंच नव्हतं, ते गुरुजींचं.

मी म्हटलं, आजी, आता नळ आहे. ती म्हणाली, "नळ आहे, पण भांडी कोण घासतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादा उठून बाहेर गेला.

वहिनीला मी त्या दिवशी समोर बसून विचारलं, तुला काय हवंय. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं, मीही इथे धागा काढून बसले होते. ती म्हणाली, "मला आरतीला यायचं नाही, खरंच झोपायचंय. पण मुलगी झाली म्हणून नाही, मला झोप हवी म्हणून. हे तू गुरुजींना सांगशील का?" सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बरं बरं," आणि पाट मांडायला लागले.

साखरचौथीला संध्याकाळी मूर्ती आली. चंद्रोदयाची आरती. वहिनी आत गाढ झोपलेली. झांजा सुरू झाल्या तसं बाळ रडायला लागलं. मी ओटीवरून उठेपर्यंत आजी सोवळ्याची धाबळी नेसलेली तशीच आत गेली, बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी एकदा बघितलं, पण 'सुखकर्ता' चालू होतं. आरती संपेपर्यंत ती हलली नाही.

मग बाळ माझ्याकडे दिलं आणि पुन्हा अंघोळीला गेली. नैवेद्य अर्धा तास उशिरा झाला. मोदक गार.

तिरकस_बाण
आणि भांडी कुणी घासली?

अबोली
दादाने. अर्धी.